मेंढीचे वरचे दात

मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खाली आठ असतात, वर नुसती कडक हिरडी. आमच्या नेकनूरकडच्या वाचकांना हे वाचून हसू येईल, कारण तिकडं हे शाळेत जायच्या आधीच कळतं. मला ते वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. तेव्हा माझ्याकडे बी.एस्सी.ची पदवी होती, संगणकावर चित्रं काढण्याचा चौदा वर्षांचा अनुभव होता, आणि माझे वडील जन्मभर मेंढ्या राखत आले होते. एवढं सगळं असून कसं कळलं नाही, तेच सांगायला बसलो आहे.

आधी माझं काम सांगतो. ते काय आहे हे माझ्या सासऱ्यांनासुद्धा लग्नानंतर सहा वर्षांनी समजलं. तोवर ते पाहुण्यांना सांगायचे, "जावई कंप्युटरवर असत्यात." जणू काही मी तिथं वस्तीला आहे.

कुठलंही यंत्र कारखान्यात बनण्याआधी संगणकात बनतं. त्या रूपाला आम्ही मॉडेल म्हणतो. ते पडद्यावर गरगर फिरवता येतं, वरून बघा, खालून बघा, हवं तर पोटात शिरून बघा. पण पुस्तकाचं पान सपाट असतं. यंत्र विकत घेणाऱ्या माणसाच्या हातात जी माहितीपुस्तिका पडते, तिच्यात ते यंत्र नुसत्या रेषांनी काढलेलं असतं. ते मी करतो. यंत्र कोणत्या कोनात उभं केलं की सगळ्यात जास्त समजेल ते ठरवायचं आणि त्या जागेवरून दिसणाऱ्या कडा पानावर उतरवायच्या. बाहेरची रेषा जाड, आतली मध्यम, घडी-सुरकुतीची अगदी बारीक. फोटो मोठा केला की त्याचे चौकोन चौकोन दिसू लागतात. आमची रेषा गणितानं बांधलेली असते. पोस्टाच्या तिकिटावर छापा नाहीतर बस स्टँडवरच्या फलकावर, ती तेवढीच स्वच्छ राहते. अशा चित्राला व्हेक्टर म्हणतात. आबा, म्हणजे माझे वडील, हे सगळं तीन शब्दांत सांगतात, "फुगलेलं चपटं करतंय."

या कामाचा मुख्य नियम एकच आहे. त्या जागेवरून जे दिसतं ते ठेवायचं, जे मागं लपलं ते पुसायचं. नियम सोपा वाटतो, पण त्यानंच मला पहिला धडा दिला. सुरुवातीच्या काळात पाठीवरच्या फवारणी पंपाची पुस्तिका माझ्याकडे आली होती. मी चित्र सुरेख केलं आणि कौतुकानं आबांना दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला, नीट पाहिला आणि उलटा केला. मागची बाजू कोरी.

"ह्याचा पट्टा कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"मागं आहे, आबा. इथून दिसत नाही."

"मागं तर काय बी न्हाई."

"कागदाच्या मागं नाही. पंपाच्या मागं."

"मग पंपाच्या मागचं बी दाव की. गडी काय पंप डोक्यावर घिऊन जाईल?"

मी मुकाट्यानं मागच्या बाजूचं दुसरं चित्र जोडलं. त्या कंपनीनं पुढची तीन वर्षं सगळं काम मला दिलं. तेव्हापासून मी एक रीत पाडून घेतली. आबांना लिहिता-वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक चित्र मी आधी त्यांना दाखवतो. एक अक्षर न वाचता त्यांना ते कळलं, तर ते कुणालाही कळेल. ठिबकचे नळ, कडबाकुट्टी, सोलरची मोटर, दवाखान्यातली खाट, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलं. एकदा दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीचं चित्र बघून ते म्हणाले होते, "हजामाचं दुकान लई भारी हाय." मी कोन बदलला.

शाळेत माझी भूमिती चांगली होती. आमच्या गुरुजींनी सातवीत मला स्वतःचा कंपास दिला, त्यामुळे बीडच्या कॉलेजापर्यंत आणि पुढं संभाजीनगरच्या ड्राफ्टिंगच्या क्लासपर्यंत पोचलो. घरात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिलाच. ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांचे उपकार मी विसरत नाही. पण त्या शिक्षणाचा मला थोडा गर्वही झाला होता, आणि तो पुढं नडला.

झालं असं. पुण्याच्या एका प्रकाशन संस्थेला मेंढीपालनावर सचित्र पुस्तक काढायचं होतं. नव्यानं मेंढ्या पाळणाऱ्या लोकांसाठी. त्यांच्या संपादक सुलभाताई. त्यांनी फोनवर विचारलं, "तुम्ही तर यंत्रांची चित्रं काढता. जनावर जमेल का?" काम हातचं जाईल या धास्तीनं मी छाती काढून सांगितलं, "मॅडम, मी मेंढपाळाचा मुलगा आहे. मेंढी मला आतून-बाहेरून माहीत आहे."

हे वाक्य खोटं होतं, पण ते खोटं आहे हे मलाही माहीत नव्हतं.

मेंढीचं मॉडेल संस्थेनं इंटरनेटवरून विकत घेऊन पाठवलं होतं. कुठल्याशा परदेशी कलाकारानं बनवलेली ती मेंढी दिसायला देखणी होती. अंगभर लोकर, पापण्या लांब. जबडा उघडता-मिटता येत होता. यंत्राला कडा असतात, त्यामुळे रेषा कुठं काढायची ते यंत्रच सांगतं. मेंढीला कडाच नाहीत. मी पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा सॉफ्टवेअरनं लोकरीच्या केसागणिक एक रेषा काढली आणि संगणक अख्खी सकाळ बंद पडून राहिला. मग लोकर काढून टाकली, मेंढीला सॉफ्टवेअरमध्ये भादरलं म्हणा ना, आणि तीन आठवडे खपून सगळ्या आकृत्या केल्या. खूर, कास, कानात बिल्ला कुठं मारायचा ते, आणि दातांवरून वय कसं ओळखायचं ते. ही शेवटची आकृती मला सर्वांत आवडली होती. जबडा उघडा, वर-खाली दातांच्या दोन सुबक ओळी, प्रत्येक दाताची रेषा स्वच्छ. मजकूर एका पशुवैद्यांनी तपासून दिला होता. चित्रं तेव्हा तयारच नव्हती, त्यामुळे ती त्यांच्याकडे गेली नाहीत. सुलभाताईंनी चित्रं पास केली. श्रेयनामावलीत "आकृत्या" या शब्दापुढं माझं नाव येणार होतं. चौदा वर्षांत माझं नाव कुठंही छापून आलं नव्हतं. पंपाच्या पुस्तिकेवर कोण नाव टाकतो?

आणि इथं मी माझीच रीत मोडली. ही चित्रं आबांना आधी दाखवली नाहीत. म्हटलं, मेंढीच तर आहे, त्यात त्यांना काय विचारायचं? शिवाय सगळं पुरं झाल्यावर एकदम दाखवून त्यांना चकित करायचं होतं. सोमवारी पुस्तक छपाईला जाणार होतं. आदल्या बुधवारी मी जाड कागदावर प्रती काढून गावी गेलो.

आबा आता चराईला लांब जात नाहीत. वीसेक मेंढ्या ठेवल्या आहेत, त्या गावाजवळच फिरवतात. ते वाघरीपाशी बसले होते. वाघर म्हणजे मेंढ्यांभोवती लावायची जाळी. शेजारी त्यांचे जन्माचे सोबती किसनतात्या. मी कागद दिले. आबा एकेक बघत गेले.

"मेंढरू हाय. परदेशी दिसतंय, पर मेंढरू हाय." दुसरा कागद. "खूर झ्याक काढलाय." मला आत उकळ्या फुटत होत्या. तिसरा कागद आला, दातांचा. आबा थांबले. त्यांनी कागद लांब धरला, जवळ आणला आणि तात्यांकडं दिला.

तात्यांनी बघितलं. "दत्ता, हे हसायलंय कावून बे?"

"कोण?"

"मेंढरू. कवळी बसवली का काय त्याला?"

आणि ते जे हसायला लागले, की मांडी घातलेली सुटली. आबाही हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तात्या मध्येच कागद तोंडापुढं धरून "काय म्हन्ता पाव्हनं, बरं हाय का?" असं मेंढीच्या आवाजात बोलत होते. मला काही कळेना. मी विचारलं, "चुकलं काय पण?"

आबांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग उठले, जाळीतून बांडी नावाची ठिपक्यांची मेंढी ओढून आणली, एका हातानं तिचा जबडा धरला आणि अंगठ्यानं ओठ वर केला.

"घाल बोट."

मी बोट घातलं. वर दात नव्हते. झिजलेल्या चपलेच्या टाचेसारखी टणक, ओली हिरडी होती. मेंढीच्या तोंडात हात घालायची माझी ती पहिली वेळ.

"तुला म्हाईत न्हवतं?" आबांनी हळू विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. किसनतात्या एवढा बोलका माणूस, पण ते उगाच जाळीची खुंटी ठोकू लागले.

"चूक माझी हाय," आबा म्हणाले. "मीच तुला मेंढरापशी येऊ दिलं न्हाई."

ते खरं होतं. चौथीत असताना वर्गातली पोरं माझ्या अंगाला वास येतो म्हणून चिडवायची. मी घरी येऊन रडलो. त्या दिवसापासून आबांनी मला मेंढीला हात लावू दिला नाही. ते मेंढ्या घेऊन चार-चार महिने लांब असायचे, मी बीडला आत्याकडं. सुट्टीत गेलो तरी म्हणायचे, "तू बस तिकडं, पुस्तक वाच." मी लांबून मेंढ्या बघत मोठा झालो, आणि लांबून मेंढीचं तोंड बंदच दिसतं.

बांडीला सोडून आबांनी विचारलं, "हे पुस्तक कुनासाठी हाय?"

"नव्यानं मेंढ्या पाळणाऱ्यांसाठी."

"म्हंजी ज्याला कळत न्हाई त्याच्यासाठी." "मग तर लई वाईट. ज्याला कळतं त्यो हसून सोडून दील. ज्याला कळत न्हाई त्यो बाजारात वरचे दात हुडकत बसंल. येपारी त्याला म्हातारी मेंढी तरनी म्हनून दील."

मी विचार केला, चित्र पानावर दोन बोटांएवढं छापणार. कोण बघतंय? पण आता मला दिसलं होतं. आणि मॅडमना सांगायचं तर ते आतून-बाहेरूनचं वाक्य गिळावं लागणार होतं. काम जाईलच, पुण्यात ही गोष्ट चहाबरोबर सांगितली जाईल. वाघरीपासून थोडा लांब गेलो आणि फोन लावला.

"मॅडम, मेंढीला वरचे दात नसतात."

"कोणत्या मेंढीला?"

"कोणत्याच."

"मग आपल्या मेंढीला कसे आहेत?"

"आपली विकत आणलेली आहे."

"दत्तात्रय, तुम्ही मेंढपाळाचे चिरंजीव ना?"

"हो मॅडम. म्हणजे मेंढपाळ वडील आहेत. मी नुसता चिरंजीव."

त्या म्हणाल्या, "ते चित्र आठ दिवस माझ्या टेबलावर होतं. मी त्याच्या खालच्या ओळीतला स्वल्पविराम दुरुस्त केला." आणि त्यांनी रविवारपर्यंत वेळ दिली.

पहिल्यांदा मी मॉडेलचे वरचे दात नुसते पुसून बघितले. मेंढी म्हातारीसारखी दिसू लागली. त्या कलाकारानं अख्खा जबडाच माणसाच्या बेतानं घडवला होता. तेव्हा खऱ्या मेंढीचंच मॉडेल करायचं ठरवलं. हे आता मोबाइलवर होतं. वस्तूभोवती गोल फिरत पन्नास-साठ फोटो काढायचे, सॉफ्टवेअर त्यांतून मॉडेल बांधतं. अट एकच, वस्तू हलता कामा नये.

गुरुवारी बांडी हलली. संगणकातून जी मेंढी निघाली तिला दोन नाकं होती आणि एक कान पोटाला होता. किसनतात्यांनी ती बघून सांगितलं, "हिला कपिलधारच्या जत्रंत न्हे. तंबू मी लावतो."

शुक्रवारी सकाळी आबा म्हणाले, "मी धरतो." त्यांनी गुडघ्यात बांडीची मान घेतली, जबड्याखाली पंजा दिला, अंगठ्यानं ओठ उघडला आणि जिभेनं टक-टक असा बारीक आवाज करत राहिले. बांडी दगडासारखी उभी. मी तीन फेऱ्या मारल्या. मला तोंडात बोट घालू देताना तिनं दोन लाथा मारल्या होत्या.

मॉडेल अप्रतिम आलं. खालचे आठ दात, वरची हिरडी, ओठाची वळकटी, सगळं. फक्त आबांचा हातही त्यात आला. आणि तो काढता येईना. ओठ कुठं संपतो आणि अंगठा कुठं सुरू होतो हे सॉफ्टवेअरला कळत नव्हतं, दोन्ही मिळून एकच पृष्ठभाग झाला होता. मी शनिवारचा दिवस त्यात घालवला आणि शेवटी हातासकट रेषा काढून पाठवून दिलं.

सुलभाताईंचा लगेच फोन आला. "हात राहू द्या. आता कळतंय कसं धरायचं ते. फक्त तो अंगठा फारच वाकडा दिसतो. तेवढा सरळ कराल का?"

आबांचा उजवा अंगठा वरच्या पेरापासून बाहेरच्या बाजूला वळलेला आहे, आणि नखाला मधोमध चीर. तरुणपणी एका एडक्यानं त्यांचा हात झाडाच्या बुंध्याला दाबून धरला होता. माझ्या कामात अंगठा सरळ करणं म्हणजे चार बिंदू सरकवणं, एका मिनिटाचं काम. पण मी या वेळी विचारल्याशिवाय काही करणार नव्हतो.

"आबा, पुस्तकात तुमचा अंगठा सरळ करू का?"

"सरळ व्हता तवा मेंढरं हातातून निसटायची," आबा म्हणाले.

मी सुलभाताईंना कळवलं की अंगठा आहे तसाच लागतो. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. तसा तो त्यांनी पहिल्या दिवशीही ठेवला होता, म्हणून जरा अपराधी वाटलं. पण दिसतं ते ठेवायचं हा नियमच आहे. उरलेल्या आकृत्या आबांनी माझ्या मोबाइलच्या पडद्यावर एकेक करून तपासल्या, दोन ठिकाणी शेपूट बदलायला लावलं आणि सोमवारी पुस्तक छपाईला गेलं.

पुस्तक आलं तेव्हा मी पहिली प्रत आबांना दिली. चौथ्या पानावर अगदी बारीक अक्षरात माझं नाव आहे, ते बोट ठेवून दाखवलं. त्यांनी नावावरून हात फिरवला. मग दातांचं पान काढलं आणि तिथं खुणेला लोकरीचा धागा घातला.

पुढच्या आठवडी बाजारात आबा दोन मेंढ्या आणि पुस्तक घेऊन गेले. मीही गेलो, माझी प्रसिद्धी बघायला. माझं नाव एकानंही वाचलं नाही. पण दातांचं पान उघडलं की जो तो म्हणे, "आरं, ह्यो तर आबाचा अंगठा!" एकानं चीर मोजून खात्री केली. एकाला अंगठा बघून एडका आठवला, एडक्यावरून त्याचा मालक आठवला आणि मालकाच्या भावकीतलं भांडण आठवलं, ते अर्धा तास चाललं. किसनतात्या पुस्तकातला अंगठा आणि खरा अंगठा शेजारी-शेजारी धरून लोकांना दाखवत होते.

तेवढ्यात तलवाड्याकडचे एक तरुण पाहुणे आले. नोकरी सोडून मेंढ्या पाळायला निघाले होते. त्यांच्या बगलेत तेच पुस्तक होतं, विकत घेतलेलं. मला फार आनंद झाला. ओळख द्यावी म्हणून पुढं होणार, तोच त्यांनी पुस्तक उघडून जमिनीवर ठेवलं आणि आमच्याच एका मेंढीचा जबडा धरला. मेंढी निसटली. त्यांनी चित्रात पाहिलं, स्वतःच्या हाताकडं पाहिलं, दुसऱ्या हातानं आपला अंगठा धरून जोर लावून बाहेरच्या बाजूला वाकवला आणि पुन्हा मेंढी धरली. कपाळावर घाम आला होता.

"काका," त्यांनी आबांना विचारलं, "अंगठा असाच वाकवावा लागतो का?"

किसनतात्या तोंडाला उपरणं लावून पाठमोरे झाले. आबांनी माझ्याकडं एकदा बघितलं.

"हां," ते गंभीरपणानं म्हणाले. "पयले दुकतो. मग सवय हुती." आणि पाहुण्यांच्या शेजारी उकिडवे बसून आबांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि कुठं धरायचं ते दाखवू लागले.

मी तिथंच उभा होतो. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी खिशात हात घातला आणि माझा अंगठा तसाच बाहेरच्या बाजूला वाकवून पाहिला. तो वाकत नाही.